सिगारच्या प्रकारानुसार आर्द्रता किती ठेवावी? पूर्व विदर्भातील हवामानासाठी सल्ला हवा आहे

प्रश्न – धानपट्टा

नमस्कार. मी गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात राहतो. घर मातीच्या जाड भिंतींचे आणि कवेलूंचे असून एसी नाही. उन्हाळ्यात वाळ्याच्या ताट्यांचा कूलर चालतो, तोही भारनियमन नसेल तेव्हा. माझे मेहुणे व्यापारी जहाजावर नोकरीला आहेत आणि सुटीवर येताना ते निरनिराळ्या बंदरांतून सिगार आणतात. सध्या माझ्याजवळ क्यूबाच्या पंचवीस सिगारांची लाकडी पेटी, निकाराग्वाचे जवळजवळ काळ्या पानाचे दहा, फिकट कनेक्टिकट पानाचे डॉमिनिकन दहा, हॉलंडच्या लहान सिगारांचा पत्र्याचा डबा आणि इटलीचे पाच वेडेवाकडे तोस्कानो आहेत. मी महिन्यातून एखादाच ओढतो, त्यामुळे हा साठा काही वर्षे टिकवावा लागणार आहे.

मागच्या खेपेचा अनुभव वाईट आहे. पहिली पेटी ज्या दुकानातून आली, तेथे सांगितल्याप्रमाणे मी ओला स्पंज घालून सर्व सिगार ७० टक्के आर्द्रतेवर ठेवले. ऑगस्टमध्ये निम्म्यांवर बुरशी धरली. उरलेले काढून उघड्या कपाटात ठेवले, तर पुढच्या मे महिन्यात त्यांची वरची पाने तेंदूच्या वाळक्या पानांसारखी तडकली. तेव्हा प्रश्न असा की, ७० टक्के हा आकडा सर्व प्रकारांना लागू पडतो का, आणि हे सगळे एकाच डब्यात ठेवता येतील का?

उत्तर – मोजूनमापून

सत्तर टक्के हा आकडा चुकीचा नाही, परंतु तो नेहमी अर्धाच सांगितला जातो. मूळ सूत्र ७० टक्के आर्द्रता आणि ७० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २१ अंश सेल्सिअस, असे जोडीचे आहे. २१ अंशांना एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १८ ग्रॅम वाफ मावते, तर ३५ अंशांना सुमारे ४० ग्रॅम. त्यामुळे मापकावर तोच ७० चा आकडा दिसत असला तरी तुमच्या घरातील डब्यात प्रत्यक्ष वाफ दुपटीहून अधिक असते, आणि त्या उबेत बुरशीला काही कमी पडत नाही. ज्याच्या घरात एसी नाही, त्याने पुस्तकी आकड्यापेक्षा चार-पाच टक्के खालीच राहावे, असे माझे मत आहे.

आता प्रकारांविषयी. क्यूबाचे सिगार ६२ ते ६५ वर ठेवावेत. सत्तरच्या आसपास ते फुगतात, ओढताना दम लागतो आणि मध्येच विझतात, असा बहुतेक जुन्या शौकिनांचा अनुभव आहे, माझाही आहे. निकाराग्वाच्या काळ्या सिगाराचे पान जाड व तेलकट असते, कारण ते अधिक उष्णतेत आणि अधिक काळ आंबवलेले असते. ते ओलावा सावकाश घेते आणि सावकाशच सोडते. त्याला ६५ पुरतात, आणि चार दिवस आकडा इकडेतिकडे झाला तरी ते निभावून नेते.

खरी काळजी कनेक्टिकटची घ्यावी लागते. हे पान शेतावर कापडाचा मांडव घालून सावलीत वाढवतात, जसे आपल्या रामटेककडे विड्याचे पान वाढवतात, आणि म्हणूनच ते पातळ व नाजूक निघते. सिगार कोरडा पडून एकदम दमट जागी गेला की आतील भरण ओलावा पिऊन फुगते, वरचे पान तेवढे ताणले जात नाही आणि लांबीभर चीर पडते. तुमचे सिगार मे महिन्यात कोरडे पडून तडकले खरे, पण आधी ऑगस्टमध्ये फुगल्यामुळे ती पाने अगोदरच ताणलेली होती, हेही विसरू नये. कनेक्टिकटसाठी ६५ ते ६७ ठीक आहे, मात्र आकड्यापेक्षा स्थैर्य महत्त्वाचे. ६२ वर वर्षभर स्थिर राहिलेला सिगार ६० आणि ७५ यांच्यामध्ये हेलकावे खाणाऱ्या सिगारापेक्षा केव्हाही चांगला.

हॉलंडचे लहान सिगार आणि तोस्कानो ही वेगळीच जात आहे. ते कोरडेच बनवतात आणि कोरडेच ओढतात. त्यांना दमट डब्यात घातले तर ते लिबलिबीत होतात आणि शेजाऱ्यांनाही आपला वास लावतात. तोस्कानोची तंबाखू लाकडाच्या धुरावर सुकवलेली केंटकी जातीची असते, त्यामुळे तो वास फारच आक्रमक असतो. १८१५ साली फ्लॉरेन्समध्ये उघड्यावरची तंबाखू पावसात भिजून आंबली आणि ती फेकण्याऐवजी तिचे स्वस्त सिगार वळले, अशी त्याच्या जन्माची कथा सांगतात. अवकाळीत भिजलेल्या धानाचे काय करावे हा प्रश्न ज्यांना दरवर्षी पडतो, त्यांना ती पटेल.

ठेवण्यासाठी महागड्या लाकडी पेटीची गरज नाही. रबरी कडेचा, हवा न शिरणारा साधा डबा घ्या आणि त्यात आर्द्रता राखणारी मिठाच्या द्रावणाची पाकिटे घाला. ती ६२, ६५, ६९, ७२ अशा ठरावीक आकड्यांची मिळतात, आणि सुमारे पंचवीस सिगारांना ६० ग्रॅमचे एक पाकीट पुरते. स्पंज केवळ पाणी देतो. ही पाकिटे कमी पडले तर देतात आणि जास्त झाले तर परत घेतात. तुम्हाला ६५ चे पाकीट घातलेला एक डबा क्यूबा, निकाराग्वा आणि कनेक्टिकट या तिघांसाठी चालेल. क्यूबाची पेटी न उघडता तशीच आत ठेवता येते. कोरड्या सिगारांचा डबा अगदी वेगळा, पाकिटाशिवाय.

एक सूचना राहिली. सिगारच्या पेट्या ज्या लाकडाच्या करतात त्याला सीडर म्हणत असले, तरी तो आपला देवदार नव्हे. ते झाड कडुनिंब आणि तून यांच्या कुळातील आहे. गावच्या सुताराकडून हौसेने देवदाराची पेटी करवून घेऊ नये, राळेचा वास तंबाखूत उतरतो.

उत्तर – फळीवरचा

मी सिगार ओढत नाही, परंतु अनेक उन्हाळे तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या केंद्रावर, मुनशी म्हणून काढले आहेत, म्हणून ओलाव्याविषयी दोन शब्द. बोद, म्हणजे पानांचे पोते, भरण्यापूर्वी वाळलेल्या पुड्यांवर पाणी मारावे लागते, नाहीतर पानांचा चुरा होतो. आणि तेच पाणी हात सैल सोडून मारले, तर बोदाच्या पोटात पाने गरम होऊन काळी पडतात. किती पाणी पुरे, हे अनुभवी मजूर पान बोटाभोवती गुंडाळून ओळखतो. बिडी वळून झाल्यावर मात्र ती भट्टीत शेकून कोरडी करतात, आणि तुमचा सिगार जन्मभर ओलसर ठेवावा लागतो, हे वाचून गंमत वाटली.

मुद्दा असा की, आर्द्रता साधली तरी किडा सोडणार नाही. तंबाखूचा तो बारीक तपकिरी भुंगा हळदीत आणि मिरचीतही होतो. वायगावची हळद किंवा भिवापूरची मिरची घरात साठवणाऱ्यांनी तो पाहिलेला असतो. तापमान २४ अंशांच्या वर गेले की तंबाखूतील अंडी फुटू लागतात, आणि आपल्याकडे मार्च ते ऑक्टोबर घर त्याच्या वरच असते. सिगारच्या डब्याजवळ मसाल्याचे डबे ठेवू नका.

प्रश्नकर्ता – धानपट्टा

दोघांचेही आभार. ६५ चा एक डबा आणि कोरड्यांचा एक डबा, हे मनाशी पक्के केले आहे. मात्र तापमानाचे काय करावे? मे महिन्यात बाहेर ४५ अंश असताना माझ्या माजघरात ३५ च्या खाली पारा उतरत नाही. फ्रीजमध्ये ठेवले तर चालेल का? आणि माझा आर्द्रतामापक बाजारातला स्वस्त आहे, त्यावर विश्वास कितपत ठेवावा?

उत्तर – मोजूनमापून

मापकाची परीक्षा घरीच होते. बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, ओल्या वाळूइतपत भिजेल एवढेच थेंब पाणी घाला, आणि ते झाकण मापकासह हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी आत ७५ टक्के असलेच पाहिजेत, हा मिठाचा गुणधर्म आहे. मापक ७० दाखवत असेल तर तो पाच कमी सांगतो, एवढे लक्षात ठेवले की झाले.

किड्यासाठी नवे सिगार हवाबंद पिशवीत घालून एक दिवस फ्रीजमध्ये, मग तीन दिवस डीप फ्रीझरमध्ये, पुन्हा एक दिवस फ्रीजमध्ये, आणि त्यानंतरच बाहेर काढावेत. पायऱ्या गाळल्या तर पाने तडकतात. भारनियमनाच्या दिवसांत हे करू नये. अर्धवट गोठलेल्या सिगारातील अंडी मरत नाहीत.

रोजच्या साठवणीसाठी फ्रीज मला आवडत नाही, पण मे आणि जूनपुरता डबा पूर्ण हवाबंद असेल तर हरकत नाही. उघडा सिगार फ्रीजमध्ये ठेवला तर तो सुकतो आणि लसणाचा वास घेतो. बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, नाहीतर थंड पानांवर दव धरते.

उत्तर – वर्धेकडचा

फ्रीजऐवजी दुसरी सोय सुचवतो. मोठ्या रांजणात ओली वाळू, त्यात लहान माठ, माठात तुमचा हवाबंद डबा आणि वर ओले गोणपाट. मे महिन्यात हवा इतकी कोरडी असते की बाहेर ४४ अंश असताना आतले तापमान २८ च्या आसपास ठेवता येते. मी दोन उन्हाळे ठेवले आहे. मृग लागला की ही युक्ती निकामी होते, कारण दमट हवेत पाणी उडत नाही, पण तोवर घरही थोडे निवलेले असते.

वरच्या उत्तराशी माझा एका बाबतीत मतभेद आहे. कोरड्या सिगारांना पाकीट नको हे उन्हाळ्यापुरते खरे. ऑगस्टमध्ये आपल्याकडे बाहेरची आर्द्रता आठवडेच्या आठवडे ८० च्या वर असते, तेव्हा हॉलंडचा पत्र्याचा डबाही दुसऱ्या हवाबंद डब्यातच घालावा लागतो, नाहीतर झाकणाच्या फटीतून ओलावा शिरतो.

प्रश्नकर्ता – धानपट्टा

रांजण घरात आहे, वाळू नदीतून येईल. शेवटचे एक: क्यूबाच्या पेटीतील दोन सिगारांवर पांढरी भुकटी दिसते आहे. दुकानदार ती जुनेपणाची शोभा आहे असे म्हणतो.

उत्तर – मोजूनमापून

तसे सांगण्याची पद्धतच आहे. भिंग घेऊन पाहा: कापसासारखे तंतू किंवा ठिपक्याठिपक्यांचे पुंजके असतील तर ती बुरशीच होय. केवळ वरच्या पानावर असेल तर कोरड्या मऊ कापडाने पुसून तो सिगार महिनाभर वेगळा ठेवा; पेटवण्याच्या टोकाकडून आत शिरलेली दिसली तर सरळ टाकून द्या. उरलेले तेवीस त्याच दिवशी पेटीतून काढून तपासा, आणि पेटीचे लाकूड एक दिवस सावलीत उघडे ठेवूनच पुन्हा भरा.