मांगुरातल्या किड्याचे शुक्राणू आणि करदात्याचे पैसे

काचेची सुरी
काल शेजारच्या धाग्यावर 'रोखठोक' यांनी लिहिलं: "माशाच्या आतड्यातल्या पट्टकृमीच्या शुक्राणूचे फोटो काढले की करदात्याच्या पैशावर पीएचडी मिळते. डीएनए काढा, आठवड्यात निकाल. बाकी सगळं पोस्टाची तिकिटं गोळा करणं." तिथे दोन ओळी लिहून पुसल्या. झोप आली नाही, म्हणून इथे लिहिते.

रोखठोक, तो शुक्राणू पाहिलाय का कधी? डोकं, मान, शेपूट असलं काही नसतं, नुसता दोरा. अ‍ॅक्रोसोम, म्हणजे अंड्यात शिरायला लागणारी टोपी, नाही, ऊर्जा पुरवणारी मायटोकाँड्रिया औषधालाही नाही, शिदोरी म्हणून ग्लायकोजेनचे कण. माणसाच्या शुक्राणूच्या शेपटीत नऊ जोड्या आणि मधे दोन नळ्या असतात; या जुडग्याला अ‍ॅक्सोनीम म्हणतात. यांच्या अ‍ॅक्सोनीममध्ये मधल्या दोन नळ्यांच्या जागी एकच जाड गाभा. आता आडवा छेद बघा. मांगूर माशातल्या लायटोसेस्टस या पट्टकृमीत अ‍ॅक्सोनीम एकच. बोथ्रिओसेफॅलिडिया या पट्टकृमींच्या दुसऱ्या गटात दोन, आणि पुढच्या टोकाशी पहिल्याभोवती गडद सूक्ष्मनलिकांचं कडं. डायफिलोबोथ्रिडियातही दोन, पण कडं नाही. 2008 पर्यंत हे शेवटचे दोन्ही गट 'स्यूडोफिलिडिया' नावाच्या एकाच पोत्यात होते. पोतं डीएनएने फाडलं, मान्य. पण शिवण छेदातही तिथेच दिसते. याला तिकिटं म्हणायचं?

रोखठोक
ताई, माझं काम तुम्हीच केलंत. डीएनएने फाडलं, तुमच्या मायक्रोस्कोपने मागाहून मान डोलावली. शिवाय एकच अ‍ॅक्सोनीम तर सायक्लोफिलिडिया या आणखी एका गटातही असतो, आणि ते काही मांगुरातल्या किड्यांचे सख्खे नव्हेत. म्हणजे दुसरा अ‍ॅक्सोनीम दोन घराण्यांत वेगवेगळा गळाला. टक्कल बघून भाऊ ठरवण्यातला प्रकार आहे हा.

काचेची सुरी
नुसतं टक्कल बघतं कोण? सायक्लोफिलिडियात कडेच्या सूक्ष्मनलिका पिळलेल्या असतात, लायटोसेस्टसच्या कॅरिओफिलिडिया गटात सरळ. टोकाचा तुरा त्यांना असतो, यांना नसतो. नाकडोळे बघा की जरा.

नळदुर्गकर
शुक्राणू राहू द्या बाजूला. खरं दुखणं वेगळंच आहे. लायटोसेस्टस नळदुर्गेन्सिस, चाळीसगावेन्सिस, तेरणाएन्सिस, मराठवाडाएन्सिस. प्रजातींची यादी वाचतोय की एसटीच्या थांब्यांची, कळत नाही. 2011 मध्ये मांगुरातल्या या किड्यांची फेरतपासणी झाली, 59 नावांपैकी 8 उरली. आठ!

हे कसं होतं ते मी स्वतः केलंय. एम.एस्सी.ला किडा दोन काचपट्ट्यांत दाबायचा, वरून दोरा गुंडाळायचा, मग फिक्स करून कार्मिनमध्ये रंगवायचा. जोरात दाबला की अंडाशयाचे पंख पसरतात. मापं घेतली, सर म्हणाले, "अरे, हे नवीन दिसतंय." किडा तोच होता हो, अंगठा माझा होता.

गोदाकाठ
झालं, मराठवाड्यावर घसरलात. त्या काळी विभागात धड चालणारा मायक्रोस्कोप एक, आकृत्या कॅमेरा ल्युसिडाने हाताने काढायच्या. आमचे सर पहाटे पाचला मासळी बाजारात उभे असायचे, स्वतःच्या खिशातून मासे घ्यायचे. त्यांनी नमुने जमवले म्हणून 2011 वाल्यांना तपासायला काही मिळालं. पुण्यात बसून हसायला काय जातं?

नळदुर्गकर
मी नळदुर्गचाच आहे, नाव तरी वाचा. आणि 'नमुने जमवले' म्हणे! एका विभागात टाइप नमुना, म्हणजे ज्यावरून प्रजातीला नाव दिलं तो मूळ नमुना, बघायला गेलो. कपाटाची किल्ली निवृत्त सरांकडे, सर मुलाकडे बंगळुरूला. तिसऱ्या खेपेला कपाट उघडलं तर काचपट्टीवरचा चिकट थर पिवळा पडलेला, मधोमध हवेचा बुडबुडा, आणि किडा नेमका त्या बुडबुड्याखाली.

गोदाकाठ
एका कपाटावरून सगळ्यांना झोडपा. तुमचंच खरं.

मालवणी तिकलं
मांगूर म्हणजे तो बंदी घातलेला का? आमच्याकडे 'थाय मांगूर' म्हणून पकडतात तो?

काचेची सुरी
तो आफ्रिकन, क्लॅरिअस गॅरिपिनस. आपला देशी वेगळा. आणि त्याचंही नाव गेलं बरं का! ज्याला आपण सगळे बॅट्राकस म्हणत आलो तो जावाचा निघाला, आपला आता क्लॅरिअस मागुर. रोखठोक, हेच म्हणतेय मी. मासा चुकीचा, किड्याचं नाव अंगठ्याने ठरवलेलं, मग तुमच्या आठवड्यातल्या डीएनएला लेबल कुठलं चिकटवणार?

रोखठोक
हा मुद्दा बरा आहे. पण तो नीट ठेवलेल्या नमुन्याचा मुद्दा आहे, शुक्राणूचा नाही. तुमचे फोटो तरी किती भरवशाचे?

काचेची सुरी
विचारलंच आहे तर सांगते. माझ्या पहिल्या छेदांत सगळीकडे काळे ठिपके होते. मी खुशीत ग्लायकोजेन म्हणून मोजत बसले, तीन महिने. मग एका सीनियरने ग्रिड, म्हणजे छेद ठेवायची जाळी, बघून विचारलं, "लेड सायट्रेटच्या डिशमध्ये सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या ठेवल्या होत्यास का?" नव्हत्या ठेवल्या. छेद रंगवताना त्या गोळ्या हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषतात; त्या नसल्याने त्याच वायूने शिशाचा साका झाला होता. ग्लायकोजेनसाठी थिएरीची वेगळी पद्धत असते, ती नंतर केली. घ्या, हसा.

पण मला खरा राग याचा आहे: लायटोसेस्टस इंडिकसचं वर्णन मोघे यांनी 1925 मध्ये नागपूरच्या मांगुरावरून केलं. त्याच्या शुक्राणूची सूक्ष्मरचना छापून आली 2012 मध्ये. आपल्या परिसरातल्या मांगुरातल्या किड्यावरचं तसलं ते पहिलंच काम. लेखकांत एक भारतीय होते एवढंच समाधान. 59 नावं द्यायला वेळ होता, एक ग्रिड बघायला नव्हता.

रोखठोक
साका आवडला. आता माझं एक. कार्पमधला अ‍ॅट्रॅक्टोलायटोसेस्टस ह्युरोनेन्सिस त्रिगुणित असतो, म्हणजे गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच, त्याचे शुक्राणू धड बनतच नाहीत, तरी अंडी घालतो आणि देशोदेशी पसरतो. त्याची वंशावळ कुठल्या छेदावरून लावणार?

काचेची सुरी
तो त्रिगुणित आहे हे 1969 मध्ये कळलं. 24 गुणसूत्रं मोजून, साध्या मायक्रोस्कोपखाली. तुमचं यंत्र तेव्हा जन्मायचं होतं.

रोखठोक
बरं बाई. 'तिकिटं' शब्द मागे. पोस्टाचे शिक्के म्हणतो.

मालवणी तिकलं
तो किडा माणसाला होतो का, ते कोणीच सांगितलं नाही.

गोदाकाठ
मांगुरातला नाही होत. शिजवून खा आणि गप्प बसा.

नळदुर्गकर
सुरीताई, कपाटातला फॉर्मलिनमधला किडा छेदाला चालेल का?

काचेची सुरी
नाही चालणार. जिवंत मांगूर हवा, किडा काढला की लगेच ग्लुटराल्डिहाइडमध्ये, पेशी जशाच्या तशा टिकतात. आणि दाबायचा नाही.

नळदुर्गकर
रविवारी बाजारात जातो. ग्लुटराल्डिहाइड तुम्ही आणा, आमचा कुरिअरवाला घेत नाही.

गोदाकाठ
किती वाजता? पाचच्या आत पोचा, नंतर देशी मांगूर मिळत नाही.