तळहातात, अनामिकेच्या मुळाशी गँगलियन (द्रव भरलेली गाठ): सुई टोचून घ्यावी का?

उजव्या तळहातात, अनामिकेच्या अगदी मुळाशी चार महिन्यांपूर्वी एक गाठ हाताला लागली. तेव्हा मसुराएवढी होती, आता लहान वाटाण्याएवढी आहे. इतकी टणक की आधी मला हाडच वाढलंय असं वाटलं. वरून फारशी दिसत नाही, पण जड पिशवी उचलली किंवा स्क्रूड्रायव्हर घट्ट धरला की नेमकी तिथेच कळ येते. एरवी काही नाही.

हाताच्या सर्जनना दाखवलं. माझं बोट वाकवत, सरळ करत त्यांनी गाठ चाचपली. ती जागची हलली नाही. ट्रिगर फिंगरची (वाकवताना बोट अडकतं त्या त्रासाची) गाठ टेंडनबरोबर, म्हणजे बोट वाकवणाऱ्या दोरीबरोबर सरकते, ही टेंडनवरच्या आवरणातून आलेली आहे, म्हणाले. सोनोग्राफीतही द्रव भरलेली गाठच दिसली. बोट अडकत नाही, मुंग्याही येत नाहीत.

थांबा, सुईने फोडू किंवा ऑपरेशन करू, असे तीन पर्याय दिलेत. कॅन्सर वगैरे नाही, घाईही नाही. पण घोळ असा की जिथे तिथे वाचायला मिळतं ते मनगटावरच्या गँगलियनबद्दल. तिथे सुईने द्रव काढला तरी गाठ बऱ्याचदा परत येते. डॉक्टर म्हणतात, बोटाच्या आवरणावरची गाठ सुईला जास्त चांगली दाद देते. बोटाच्या मुळाशीच गाठ होती अशा कुणाचा अनुभव आहे का? (जाड पुस्तक आपटून फोडायचा सल्ला घरातून मिळून झालाय. तो कृपया नको.)

प्रतिसाद १
माझी मधल्या बोटाखाली होती. सुईच घेतली. खरं दुखलं ते बधिर करायचं इंजेक्शन. नंतर दोन-तीनदा टोचून अंगठ्याने दाबली आणि ती बसली. आतली जेली इतकी घट्ट की सिरिंजमध्ये जेमतेम थेंब आला. दोन वर्षं झाली, परत नाही. मात्र बोटाच्या दोन्ही बाजूंनी नसा जातात, तेव्हा हाताचंच काम करणाऱ्याकडून करून घ्या. घरी टोचाटोची अजिबात नको.

प्रतिसाद २
मी नुसती थांबले. वर्षभरात कधी जिरली ते कळलंही नाही. तोवर पिशवी मनगटाला अडकवायचे.

मूळ लेखक
धन्यवाद दोघांनाही. सुईनंतर घट्ट पकड किती दिवसांनी जमली? माझं सगळं काम त्याच हाताचं आहे.