मदत हवी आहे : शेती संरक्षणाचा पहिला बंदूक परवाना मिळाला, पण अटींचा अर्थ लागत नाही

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात माझ्या नावावर शेती संरक्षणाचा बंदूक परवाना आला. आमच्या घरात बंदूक नवी नाही. सासऱ्यांची ठासणीची (नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची) होती, ते गेल्यावर ती पोलीस ठाण्यात जमा केली. पण तेव्हा कागद सगळे तेच बघायचे. आता परवान्याच्या पुस्तकावर फोटो माझा, सही माझी, म्हणून काही चुकलं तर जबाबही मलाच द्यावा लागणार. पहिला बार काढण्याआधी अटी नीट समजून घ्यायच्या आहेत. ज्यांच्याकडे असा परवाना आहे किंवा ज्यांनी या कामात नोकरी केली आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावं.

आमचं घर कणकवली तालुक्यात, फोंडाघाटाच्या पायथ्याला. घाट चढला की दाजीपूर, म्हणजे राधानगरी अभयारण्य. मिस्टर मुंबईला नोकरीत. इथे मी, सासूबाई आणि कॉलेजात जाणारा पुतण्या. खाली मळ्यात भात, वर डोंगरात काजू, घराभोवती थोडी माडा-पोफळीची बाग.

बंदूक का लागली ते सांगते. दोन वर्षांपूर्वी भात दुधात आलं होतं. सकाळी मळ्यात गेले तर चार कुणगे (भाताचे वाफे) आडवे. डुकरांनी खाल्लं त्यापेक्षा लोळून झोपवलं जास्त. चिखलात खुरांचे ठसे, आणि जागोजागी चघळून टाकलेल्या लोंब्यांचा चोथा. मेरेवर (बांधावर) बसून सासूबाई कितीतरी वेळ काहीच बोलल्या नाहीत. त्या वर्षी घरात भात विकत आणलं, आणि आमच्या घरात ते पहिल्यांदाच झालं. जुन्या साड्यांचं कुंपण, डबे वाजवणं, रात्री मांगरात (शेतातल्या खोपटात) दिवा लावून बसणं, सगळं करून झालं होतं. मग अर्ज केला.

अर्जाला वेळ लागला. अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकांची आधी सहमती लागते, वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे, हे मला अर्ज दिल्यावर कळलं. पोलीस पडताळणी झाली, प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र झालं, बंदूक घरात कुठे नि कशी ठेवणार याचं हमीपत्र दिलं. १९५९ च्या शस्त्र कायद्यात शेतीसाठी मुळात ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे, आणि ती पुरेशी नाही असं पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची देता येते. मी अर्जात लिहिलं होतं की डुकरं येतात ती भाद्रपद-आश्विनात, त्या पावसात बंदुकीची दारू सर्दते, केप (ठिणगी पाडणारी टोपी) उडते पण बार निघत नाही. ते मान्य झालं. एकनळी बारा बोअर काडतुसी बंदूक मिळाली, पुस्तकात नंबर चढला.

आता अडचण. पुस्तकातल्या छापील मजकुराखाली जांभळा शिक्का आहे आणि पेनाने अटी लिहिल्यात. वापर फक्त शेती संरक्षणासाठी. परवान्यात नमूद मौजे व गट क्रमांकापुरताच. काडतुसं एका वेळी दहा, वर्षाला पंचवीस. बंदूक परवानाधारकाने स्वतः वापरावी. आणि शेवटी, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या तरतुदींना अधीन राहून.

पहिली शंका जमिनीची. भाताचा मळा एका मौज्यात, काजू पलीकडच्या मौज्यात. अर्जाला मी मळ्याचाच सातबारा जोडला, कारण नुकसान तिथे झालं होतं. ती चूक माझीच. काजूच्या जमिनीवर मिस्टर आणि दीर, दोघांची सामाईक नावं आहेत. म्हणजे तिकडे बंदूक न्यायचीच नाही का? मधे डांबरी रस्ता, एसटीचा थांबा आणि मराठी शाळा आहे. तिथून बंदूक खांद्याला लावून चालत गेलं तर चालतं का?

दुसरी शंका सगळ्यात मोठी. पुस्तक हातात आल्यावर शेजारचे आजोबा म्हणाले, “बंदूक घेतलंस, पन बार खंय काढतलंस गो?” त्यांचा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. परवाना शेती वाचवायला दिलाय, पण शेती खाणारा प्राणी तर वन्यजीव कायद्याखाली येतो. मग या परवान्यावर डुकराला मारता येतं की नाही? माकडांना हुसकवायला हवेत बार काढला तर तो गुन्हा होतो का? आणि गवे आले तर? परवा संध्याकाळी सात गवे मळ्याच्या गडग्यापर्यंत (दगडी कुंपणापर्यंत) उतरले होते. त्यांना मारायचा विचारही मनात नाही, पण आवाज करायचा की नाही?

तिसरी, पुतण्याची. रात्री राखणीला तो मांगरात असतो. बंदूक त्याच्या हातात देता येईल का? निदान दुरुस्तीला नेण्यापुरती? आणि मी मे महिन्यात पंधरा दिवस मुंबईला जाते, तेव्हा बंदूक कुलुपात ठेवून गेलं तर पुरे का?

लांबलचक झालं, माफ करा. पण अर्धवट माहितीवर बंदूक हाताळायची नाही असं ठरवलंय.

प्रतिसाद : दोडामार्गाहून

ताई, आमच्याकडे वडिलांपासून परवाना आहे, आता माझ्या नावावर. आधी सोपं सांगतो. पुस्तकात जो गट नंबर नाही तिथे बंदूक न्यायची नाही. जमीन आपली असली तरी नाही. काजूचा सातबारा, आठ-अ (खातेउतारा), आणि मिस्टर-दिरांचं संमतीपत्र जोडून ती जमीन परवान्यात वाढवून मागा. सामाईक जमीन असली की संमतीपत्र मागतातच, तेव्हा आधीच स्टँपवर करून ठेवा.

रस्त्याचं म्हणाल तर मी बंदूक उघडून, काडतुसं वेगळ्या पिशवीत आणि नळी कापडात गुंडाळून नेतो. शाळा भरायच्या नि सुटायच्या वेळी जात नाही. पुस्तक कायम सोबत. पोलिसांनी मागितलं तर दाखवावं लागतं, घरी ठेवलंय हे उत्तर चालत नाही.

रिकामी काडतुसं टाकू नका. मी एका डब्यात तारीख लिहून ठेवतो, कुठे नि कशासाठी उडवलं तेही. नूतनीकरणाच्या वेळी दहा काडतुसांचा हिशोब विचारला तर तोंडी काय सांगणार?

प्रतिसाद : महसूल खात्यातून निवृत्त

शस्त्र परवान्याचं टेबल मी काही वर्षं सांभाळलं आहे. वहिनींनी अटी वाचायचं मनावर घेतलं याचा आनंद वाटला. बहुतेक लोक पुस्तक ट्रंकेत टाकतात आणि ते मुदत संपली की बाहेर काढतात.

पुतण्याबद्दल. त्याच्या हातात वापरायला द्यायची नाही. तुमच्या अटीत ‘स्वतः’ हा शब्द आहे, तो शोभेला लिहिलेला नाही. शस्त्र कायद्याच्या कलम ३ मध्ये एवढीच सवलत आहे की परवानाधारकाच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकाराने दुसरी व्यक्ती दुरुस्तीसाठी, परवाना नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्याच वापरासाठी शस्त्र वाहून नेऊ शकते. तेव्हा दुरुस्तीला न्यायची तर तुमच्या सहीचं पत्र, त्यावर बंदुकीचा नंबर, कुठून कुठे आणि कोणत्या दिवशी हे लिहून द्या, आणि ठाण्यात एक प्रत देऊन पोच घ्या. रात्री राखणीला तो एकटा असेल तर बंदूक घरात कुलुपात राहिली पाहिजे. अटींचा भंग झाला तर कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दंडाची रक्कम बघून हलकं घेऊ नका. परवाना जातो, आणि एकदा गेलेला परत मिळणं कठीण.

पंधरा दिवस घर सोडणार असाल तर ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे सुरक्षित ठेवीसाठी जमा करून पावती घ्या. सासूबाई घरात एकट्या, आणि बंदूक कपाटात आहे हे गावाला माहीत, ही स्थिती बरी नव्हे.

निवडणुकीचंही सांगून ठेवतो. आचारसंहिता लागली की जमा करण्याची नोटीस येऊ शकते. २००९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालानंतर सरसकट सगळ्यांना जमा करायला लावायचं नाही, छाननी समितीने प्रत्येक प्रकरण बघायचं, असं ठरलं. तुमच्या नावावर गुन्हा नाही आणि पीक उभं आहे, तर तसा अर्ज समितीकडे करा. जमा करावीच लागली तर पावती जपा.

मुदत पाच वर्षांची असते. २०१९ च्या दुरुस्तीआधी तीन होती. त्याच दुरुस्तीने आनंदाच्या प्रसंगी बार काढून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणं हा वेगळा गुन्हा झाला, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. शिमग्यात पालखी अंगणात आली की कुणीतरी म्हणणारच, काढा एक बार. नाही म्हणायची तयारी आत्ताच करा.

प्रतिसाद : वनखात्यासोबत गावात काम करणारा

तुमच्या दुसऱ्या शंकेचं उत्तर मी देतो, कारण सगळी गफलत तिथेच होते. शस्त्र परवान्याने बंदूक बाळगायचा हक्क मिळतो, प्राणी मारायचा नाही. ते दोन वेगळे कागद, दोन वेगळी खाती.

वन्यजीव कायद्याच्या कलम ११ मध्ये उभ्या पिकाला धोकादायक ठरलेल्या प्राण्यासाठी लेखी परवानगीची सोय आहे, पण पहिल्या अनुसूचीतल्या (सर्वात कडक संरक्षण असलेल्या यादीतल्या) प्राण्यांना पिकाचं कारण लागू होत नाही. गवा पहिल्या अनुसूचीत आहे. त्याच्यावर बंदूक धरायचीच नाही. कळप आला तर लांब थांबा, परतीची वाट मोकळी ठेवा, वनरक्षकाला फोन करा. अंधारात गव्याजवळ बार काढला तर तो कुठल्या बाजूला उधळेल सांगता येत नाही, आणि तुमचा गडगा त्याला अडवणार नाही.

रानडुकरासाठी नुकसानीचा पंचनामा घेऊन वनक्षेत्रपालांकडे अर्ज करा. परवानगी मिळाली तर ती ठरावीक क्षेत्रापुरती असते. जखमी डुक्कर जंगलात शिरलं तर मागे बंदूक घेऊन जायचं नाही, लगेच खात्याला कळवायचं. अभयारण्यात तर लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन पाऊलच टाकता येत नाही. मेलेलं जनावर सरकारची मालमत्ता असते. मटण वाटून घेतलं म्हणून चांगली माणसं अडकलेली मी बघितली आहेत.

परवानगी नसताना मारण्याचा प्रयत्नसुद्धा कायद्याने शिकारच. म्हणून माकडांच्या कळपाच्या दिशेला नळी करून ‘फक्त घाबरवत होते’ म्हणणं उपयोगाचं नाही. हवेत काढलेल्या बाराचे छर्रेही कुठेतरी पडतातच, आणि तुमच्याकडे शाळा जवळ आहे. माकडांना फटाके, कुत्रे, माणसांची ये-जा यांनीच हटवा.

आणि नुकसान झालं की भरपाईचा अर्ज तीन दिवसांच्या आत द्या. बंदूक आहे म्हणून भरपाई मागायची नाही असं काही नाही. तेच पंचनामे पुढे डुकराच्या परवानगीला उपयोगी पडतात.

मूळ प्रश्नकर्तीकडून

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं सविस्तर कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

काल संमतीपत्र करून काजूच्या दोन्ही गटांचा अर्ज दिला आणि पोच घेतली. तोवर बंदूक मळ्याच्या पलीकडे जाणार नाही. कपाटाची एक चावी माझ्या गळ्यात आणि दुसरी सासूबाईंच्या डब्यात होती, तीही आता मी घेतली. पुतण्याला समोर बसवून कलम ३ वाचून दाखवलं. त्याला थोडं वाईट वाटलं, पण पटलं.

वनक्षेत्रपालांकडेही जाऊन आले. मागच्या नुकसानीचा पंचनामा मी केलाच नव्हता. तेव्हा वाटलं होतं, गेलं ते गेलं. आता या हंगामात पहिला कुणगा मोडला की त्याच दिवशी कळवायचं, असं तिथे सांगितलं.

एकच विचारायचं राहिलं. पंचनाम्यासाठी फोटो काढताना ठशांच्या बाजूला काय ठेवायचं म्हणजे माप कळेल? मी कोयता ठेवणार होते. ज्यांनी भरपाई घेतली आहे त्यांनी सांगा, भात आता पोटरीला (लोंबी बाहेर पडायच्या बेताला) आलंय.