दिराला काउन्सेलिंगला न्यायचंय, तालुक्यातल्या संस्थेत बोललेलं तिथेच राहील का? सल्ला हवाय

रातांबा
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसती वाचते, आज पहिल्यांदाच लिहितेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. आम्ही रत्नागिरी जिल्ह्यातले, खाडीपट्ट्यातलं गाव. माझा धाकटा दीर बोटीवर जायचा, गेल्या हंगामात मधेच उतरला आणि तेव्हापासून घरीच आहे. रात्ररात्र झोप नाही, जेवायला बोलावलं की "नंतर", पडवीत बसून राहतो आणि कधीकधी एकटाच पुटपुटतो. मिस्टर मुंबईला, ते एकदम गणपतीत येणार, तोवर घरात मी, सासूबाई आणि हा. सासूबाई म्हणाल्या आधी देवळात कौल लावू, लावला, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, पण त्यालाही आता दोन महिने झाले.

तालुक्याला एक संस्था आहे, फुकट काउन्सेलिंग करतात आणि महिन्यातून दोन शनिवार बाहेरून डॉक्टर येतात. काम चांगलं आहे म्हणतात. पण आमच्या ओळखीतली एक मुलगी तिथे गेली होती, झोप लागत नाही एवढ्याच कारणासाठी, आणि पंधरा दिवसांत वाडीभर झालं, जुळत आलेलं लग्न राहिलं. कोण बोललं ते शेवटपर्यंत कळलं नाही. तिथे काम करणाऱ्या दोघीतिघी आमच्याच पंचक्रोशीतल्या, एक तर सासूबाईंच्या माहेरची.

दुसरा पर्याय सरळ रत्नागिरीचं मनोरुग्णालय, पण आमच्याकडे "ह्याला रत्नागिरीला न्या" म्हटलं की काय अर्थ होतो ते सांगायला नको. तर संस्था बोललेलं बाहेर जाऊ देणार नाही हे आधीच कसं ओळखायचं? काय विचारायचं, काय बघायचं? की तालुका सोडूनच जावं?

(संपादित: गावाचं नाव आणि अजून दोन गोष्टी काढल्यात, कारण खाली कळेल)

तिठ्यावरचा
ताई, पहिलं म्हणजे आज रात्रीच करता येईल असं एक सांगतो. १४४१६ वर फोन करा, टेली मानस, मनाच्या त्रासासाठीची सरकारी हेल्पलाईन आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू आणि मराठीत बोलतात. ऑक्टोबर २०२२ पासून आहे पण आपल्याकडे अजून कित्येकांना माहीत नाही. दिराने बोलायला पाहिजे असं नाही, तुम्ही बोललात तरी चालतं. तो जिवाचं बरंवाईट करण्यासारखं काही बोलला तर मात्र शनिवारची वाट बघत बसू नका.

आणि रत्नागिरीच म्हणाल तर मनोरुग्णालयाच्या आधी सिव्हिलची मानसोपचार ओपीडी बघा. आम्ही वडिलांना तिथे न्यायचो. फायदा काय, तर सिव्हिलच्या केसपेपरच्या रांगेत अख्खा जिल्हा उभा असतो, कोण शुगरला आलाय, कोण दाढेला आलाय, कोणाला पत्ता नसतो. गावातलं कोणी भेटलंच तर "जरा बीपी बघायला आलो". वडिलांनी हे इतक्या वेळा सांगितलं की शेवटी खरंच बीपी निघालं.

कातळसडा
मी सिंधुदुर्गात अशाच एका छोट्या संस्थेत चार वर्षं व्हॉलंटियर आहे (तुमच्या तालुक्यातली नाही, म्हणून मोकळेपणाने लिहिते). खरं सांगू का, बातमी फुटते ती बहुतेक वेळा कोणाच्या वाईटपणामुळे नाही, गलथानपणामुळे फुटते. आमच्याकडे सुरुवातीला रजिस्टर दारातल्या टेबलावर उघडं असायचं, पुढचा माणूस स्वतःची सही करता करता वरची दहा नावं वाचायचा, आणि कोकणात दहा नावं वाचली की त्यातली चार भावकीतली निघणारच. मग आम्ही नंबर सुरू केले, नावाची वही आत कपाटात, चावी एकीकडेच. खोली म्हणजे काय, तर प्लायवुडचं पार्टिशन, वरून दोन फूट मोकळं. आतला रडला की बाहेरच्या बाकाला ऐकू जायचं! आता बाहेर पंखा मुद्दाम मोठ्यावर आणि बाक लांब अंगणात. गोष्टी किती साध्या आहेत बघा, पण तीन वर्षं कोणाला सुचल्या नव्हत्या.

तर तुम्ही काय बघा. आधी एकट्याच जा, दिराला नेऊ नका. नुसत्या बाकावर बसा पंधरा मिनिटं. नाव पुकारतात का नंबर? आतलं ऐकू येतं का? चहा घेऊन येणारी बाई सरळ आत घुसते का? आणि मग विचारा की व्हॉलंटियरचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे का आणि त्यावर काय टाकतात. हे नक्की विचारा. आमच्या ग्रुपवर एकीने भाबडेपणाने टाकलं होतं, "आज अमक्या वाडीत भेट दिली, मुलगा आता बराच शांत आहे, सर्वांनी प्रार्थना करा." नाव नव्हतं हो, पण त्या वाडीत घरं किती? अकरा.

घरी येणार असतील तर गाडी कोणती तेही विचारा, संस्थेचं नाव रंगवलेली सुमो दारात उभी राहिली की गुप्तता संपली.

फणसगरा
मला हे सगळं जरा शहरी वाटतंय, राग मानू नका. गावात लपवून काय राहतं? आमचा काका असाच होता, कधीही उठून चालायला लागायचा. सगळ्या गावाला माहीत होतं म्हणूनच एसटीचा कंडक्टर त्याला पुढच्या स्टॉपला उतरवून परतीच्या गाडीत बसवायचा, हॉटेलवाला चहा द्यायचा आणि आम्हाला निरोप यायचा. तोंडं बंद ठेवली असती तर काका कधीच हरवला असता.

कातळसडा
@फणसगरा काकांचं खरंय, आणि असं गाव मिळायला नशीब लागतं. पण तुमचा काका पुरुष, म्हातारा, लग्न वगैरे आटपलेला. त्या मुलीच्या जागी ठेवून बघा. आणि कंडक्टरला सांगायचं की नाही हे घरच्यांनी ठरवलं, संस्थेतल्या बाईने परस्पर नाही सांगितलं. माणसाने आपण होऊन सांगावं, हवं तेवढ्यांना सांगावं, पण ते त्याच्या हातात असू दे ना.

सुरंगी
मी स्वतः बायपोलरच्या गोळ्यांवर आहे सहा वर्षं, त्यातली पहिली दोन एका तालुक्याच्या संस्थेत काढली, नाव घेत नाही. सगळे गुप्ततेवर लिहितायत म्हणून मी दुसरं लिहिते, म्हणजे खरं तर तेच आहे.

पहिल्या दिवशी फॉर्म भरला, नाव, वय, गाव, वाडी. आता कोकणातल्या माणसाला सांगायला नको की वाडी लिहिली की जात लिहिली. बौद्धवाडी, कुणबीवाडी, भंडारवाडा, मोहल्ला, वेगळा कॉलम लागतच नाही. त्यानंतर मी दोन वर्षं बघितलं, गाडीतून येणारे लोक मागच्या दाराने सरांच्या केबिनमधून आत जायचे, डॉक्टर आधी त्यांना बघायचे, त्यांच्या फायली कपाटात. आणि आम्ही ओट्यावर. ओट्यावरून बाई ओरडायच्या, "बौद्धवाडीची गोळ्यांची कोण आलीय?" सगळ्यांसमोर. एकदा मी म्हटलं की हळू बोला, तर म्हणाल्या, "अगं इथे सगळे तेच घेऊन आलेत, लाजायचं काय."

म्हणजे संस्थेला गुप्तता पाळता येत नव्हती असं अजिबात नाही, छान येत होती. कोणाची पाळायची ते ठरलेलं होतं. म्हणून ताई, बाकावर बसाल तेव्हा तुमच्याशी कसं बोलतात ते नका बघू, तुमच्या शेजारी जी कोळीण पाटी बाजूला ठेवून बसली असेल ना, तिच्याशी कसं बोलतात ते बघा. तिचं नाव हळू घेतलं तर तुमच्या दिराचंही हळूच घेतील.

खाडीकाठ
सुरंगीताई, अगदी. आमच्या आंब्याच्या बागेत नेपाळी राखणदार असतात, हंगामापुरते येतात, सगळ्यांकडेच असतात. शेजारच्या बागेतला एक पोरगा फार बिथरला, रात्री कलमांवर बॅटरी मारत ओरडत फिरायचा. त्याचा सेठ त्याला घेऊन एका शिबिराला गेला, मीही सोबत होतो गाडी चालवायला. डॉक्टरांसमोर खुर्चीवर सेठ, पोरगा भिंतीला टेकून उभा. सगळं सेठ सांगतोय, सगळं सेठलाच समजावतायत, गोळ्या सेठच्या खिशात. पोराला एकदाही कोणी विचारलं नाही की हा माणूस इथे बसलेला चालेल का तुला? संध्याकाळपर्यंत सगळ्या बागांना माहीत, आणि पुढच्या हंगामात त्याला कोणी ठेवला नाही. तेव्हा मीपण त्यात काही वावगं आहे असं समजलो नव्हतो, सेठनेच पैसे भरले ना, मग विचारणार सेठच. आता वाटतं की माझ्या मुलाबरोबर त्याच्या बॉसला आत बसवला असता तर मी काय केलं असतं.

हेलकावा
कायद्याचं थोडं सांगतो, वकिली सोडून शेती करतोय पण पुस्तकं अजून आहेत. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, लागू झाला २९ मे २०१८ पासून. कलम २३ प्रमाणे आजाराची, उपचाराची माहिती गुप्त ठेवली जाणं हा त्या माणसाचा हक्क आहे. अपवाद आहेत, उदाहरणार्थ दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा कोर्टाचा आदेश असेल, पण तेव्हाही गरजेपुरतीच माहिती द्यायची. कलम २४ मध्ये आहे की उपचार घेणाऱ्याचा फोटो, माहिती त्याच्या संमतीशिवाय मीडियाला द्यायची नाही, आणि कॉम्प्युटरवर, मोबाईलवर साठवलेल्या माहितीलाही गुप्ततेचा हक्क लागू आहे, म्हणजे तो वरचा "प्रार्थना करा"वाला मेसेजसुद्धा माझ्या मते यात बसतो. भेदभावाचं कलम २१, त्यात लिंग, लैंगिक कल, धर्म, जात, वर्ग सगळं नाव घेऊन लिहिलंय.

आता एक ग्यानबाची मेख. कलम २३ मध्ये माहिती गुप्त ठेवायचं बंधन घातलंय ते उपचार करणाऱ्या आरोग्य व्यावसायिकांवर. चहावाली बाई, ड्रायव्हर, हौशी व्हॉलंटियर यांचं तिथे नाव घेऊन काही नाही. म्हणून संस्थेने त्यांच्याकडून लेखी घेतलेलं असावं लागतं. तोच कागद मागा बघायला. "आमच्याकडे सगळे विश्वासातले आहेत" असं उत्तर आलं तर कागद नाही असं समजा.

आणि खाडीकाठ, त्या पोराच्या बाबतीत, उपचारांच्या बाबतीत आपल्या वतीने बघणारा प्रतिनिधी कोण हे सज्ञान माणूस स्वतः ठरवतो (कलम १४). साध्या कागदावर लिहून सही किंवा अंगठा, बस. स्टॅम्पपेपर लागत नाही. त्याने कोणाला नेमलं नसेल तरच आधी नातेवाईकाचा नंबर लागतो, पैसे भरले म्हणून सेठ होत नाही, आणि ताई, त्याने दुसऱ्या कोणाला नेमलं तर वहिनीपण होत नाही, म्हणून आधी त्यालाच विचारा.

मालवणी तडको
ह्या सगळा बरोबर, पण माका एक सांगूचा हा. ताईनू, तुमी वर गावाचा नाव लिवलास, बोट खयच्या बंदराची ती लिवलास, दिराचा वय लिवलास. आमच्या चुलत्याक सांगितलंय तर तो पाच मिनटात दिराचा नाव सांगात! आधी ता काढा. संस्थेचा मगे बगूया.

रातांबा
अरे देवा. काढलं. खरंच लक्षात नाही आलं, मला वाटलं नाव नाही लिहिलं म्हणजे झालं. रात्रभर कसंतरी होत होतं की सासूबाईंच्या माहेरचीला नावं ठेवतेय आणि मी स्वतःच जगाला सांगून बसलेय.

रातांबा
(नऊ दिवसांनी) मंडळी, काय झालं ते सांगते. शनिवारी एकटी गेले संस्थेत, बाकावर बसले. रजिस्टर उघडंच होतं, माझ्या पुढे एक मोहल्ल्यातल्या चाची होत्या, त्यांना "काय गं, परत आलीस?" आणि मला "या ना, बसा". दोघींमध्ये एका हाताचं अंतर. सुरंगी, तुझीच आठवण झाली. लेखी कागदाचं विचारलं तर त्या मॅडम आधी चिडल्या, म्हणाल्या आम्ही इथे सेवा करतो, धंदा नाही. मग आतून दुसऱ्या एक जरा वयस्कर बाई आल्या, त्यांनी मात्र सगळं ऐकून घेतलं, रजिस्टर तिथल्या तिथे मिटलं आणि म्हणाल्या कागद नाहीये, करायला हवा, पुढच्या मीटिंगला काढते. काढतील का माहीत नाही. पण मिटलं हे मी पाहिलं.

दिराला तरी तिथे नेणार नाहीये. १४४१६ ला दोनदा बोलले, पहिल्यांदा लाईन लागायला वेळ लागला पण नंतर नीट बोलले, त्यांनीही सिव्हिलचंच सांगितलं. मग घरी येऊन पडवीत त्याच्यासमोर बसले आणि हेलकावादादांचं वाक्य डोक्यात होतं म्हणून विचारलं, दोन महिन्यांत पहिल्यांदा, की डॉक्टरकडे जायचं तर तुला सोबत कोण हवं. मला वाटलं उत्तरच देणार नाही. बराच वेळ गेला. मग म्हणाला, "वहिनी, तू नको. तू फार बोलतेस."

बोटीवरचा त्याचा एक दोस्त आहे, तो येतोय बुधवारी. सकाळच्या पहिल्या एसटीने जातील. मी डबा करून देणार.

मालवणी तडको
बुधवार लिवलास परत 😀

रातांबा
असू दे हो, बुधवारी अर्धा तालुका रत्नागिरीला जातो.