लोकायुक्तांच्या हातात शिक्षा नाही, शिफारस आहे

तासगावच्या सभासदांनी वर लिहिलंय की लोकायुक्तांकडे (सरकारी कारभाराविरुद्धच्या तक्रारींची चौकशी करणारे राज्याचे पदाधिकारी) अर्ज टाकला की तलाठी घरी बसतो. तसं होत नाही. १९७१ च्या महाराष्ट्र कायद्याप्रमाणे ते चौकशी करतात, कागद मागवतात, साक्षीला बोलावतात. पण कारवाईची फक्त शिफारस करतात. भ्रष्टाचाराच्या आरोपात सक्षम प्राधिकाऱ्याने (ज्याच्याकडे कारवाईचा अधिकार आहे त्याने) ३ महिन्यांत काय केलं ते कळवायचं असतं. समाधान झालं नाही तर विशेष अहवाल राज्यपालांकडे आणि तिथून विधिमंडळात जातो. त्यापुढे हात टेकतात, आणि कायद्यातली ही उणीव भरलीच पाहिजे.

अर्ज मुदतीतच अडकतात. गाऱ्हाणं (दिरंगाई, अन्याय) असेल तर कळल्यापासून १२ महिने, आरोप (भ्रष्टाचार) असेल तर कृती घडल्यापासून ३ वर्षं. आरोपासोबत प्रतिज्ञापत्रही जोडा. एकाच अर्जात दोन्ही कालवू नका.

आता कुणी जमिनीच्या नोंदीसाठी पैसे मागत असेल तर मात्र लोकायुक्त नकोत. पैसे देण्याआधी १०६४ ला फोन करा किंवा सांगलीच्या लाचलुचपत प्रतिबंधक कार्यालयात जा. मागणीची पडताळणी झाल्यावरच लाच घेताना पकडायला सापळा लागतो. नाइलाजाने पैसे दिले गेलेच, तर ७ दिवसांत त्याच कार्यालयाला कळवा. नाहीतर देणाराही गुन्हेगार ठरतो.