जुनी गाडी घेतेय (यूके): एमओटीचा (इथल्या दरवर्षीच्या सक्तीच्या तपासणीचा) इतिहास कसा वाचायचा?

कृष्णाकाठची_लेक:
नमस्कार मंडळी. मी मूळची साताऱ्याची, सध्या प्रेस्टनमध्ये स्टाफ नर्स आहे. सकाळची ड्युटी साडेसातला सुरू होते आणि रविवारी त्या वेळेला आमच्या भागातून बसच नाही. टॅक्सीचे पैसे भरून कंटाळले, म्हणून जुनी गाडी घ्यायची ठरवलीय. तीन हजार पौंडांच्या वर जाता येणार नाही.

एक छोटी पेट्रोल हॅचबॅक पाहिली, 2013 ची. विकणारा 2,850 सांगतोय. म्हणाला, "मे महिन्यातच एमओटी झालीय, एकही शेरा नाही, डोळे झाकून घ्या." सरकारी साइटवर गाडीचा नंबर टाकला तर हे निघालं:

मे 2019: पास, 38,912 मैल.
नोव्हेंबर 2020: पास, 45,230. मागचा ब्रेक पाइप किंचित गंजलेला.
नोव्हेंबर 2021: पास, 53,870. तोच शेरा, शिवाय पुढचा नियरसाइड टायर मर्यादेला आलेला.
नोव्हेंबर 2022: पास, 62,045. ब्रेक पाइप गंजलेला, मागच्या सबफ्रेमला (खालच्या, चाकांचे भाग धरणाऱ्या लोखंडी चौकटीला) गंज.
डिसेंबर 2023: नापास, 70,316. ब्रेक पाइप जास्त गंजलेला. दोन दिवसांनी पास, पण सबफ्रेमचा शेरा कायम.
मे 2025: पास, 70,688. शेरा नाही.

2019 नंतर एकदम दीड वर्षाने टेस्ट कशी? आणि शेवटची टेस्ट इतकी कोरी, हे चांगलं समजायचं का? इथे माझं कुणी गाडीतलं जाणकार नाही. कृपया सांगा.

बोल्टनकर:
ताई, विचारलंत ते फार बरं केलंत. बरेच जण हिरवा 'पास' बघून पैसे मोजतात.

2020 ची काळजी सोडा. लॉकडाऊनमध्ये 30 मार्च ते 31 जुलै या काळात ज्यांची एमओटी संपत होती, त्यांना सरकारने सहा महिने वाढवून दिले होते. मे ची टेस्ट नोव्हेंबरला गेली, हिशोब जुळतो.

खरी गोम पुढे आहे. ही गाडी वर्षाला आठ हजार मैलांच्या आसपास चालत होती. मग डिसेंबर 2023 ते मे 2025, सतरा महिन्यांत फक्त 372 मैल? एक तर ती उभी होती. तसं असेल तर बॅटरी, टायर, ब्रेकच्या डिस्क यांचं काय झालंय ते बघा, आणि का उभी होती ते विचारा. एमओटी डिसेंबर 2024 ला संपली, मे पर्यंत नव्हती, म्हणजे तेवढे महिने तरी ती रस्त्यावर यायला नको होती. नाहीतर मीटर मागे फिरवलाय. सर्व्हिसची बिलं मागा, त्यावर मैल लिहिलेले असतात. ब्रेक पेडलचं रबर आणि स्टिअरिंगची झीज सत्तर हजाराला शोभते का, तेही बघा.

दुसरं, तुम्ही नर्स आहात म्हणून सांगतो. पेशंटचा केसपेपर बघताना तुम्ही फक्त आजचं बीपी बघता का? मागचीही पानं उलटता. इथेही शेरे वर्षागणिक वाचा. ब्रेक पाइपचा गंज 'किंचित' पासून 'जास्त' पर्यंत गेला, मग पाइप बदलला. छान. पण सबफ्रेमचा गंज 2022 ला होता, 2023 ला होता, आणि 2025 ला गायब! गंज आपणहून जात नाही. एक तर वेल्डिंग झालं किंवा सबफ्रेम बदलली, त्याचं बिल हवं. नाहीतर वरून काळं अंडरसील (गाडीच्या तळाला गंजापासून वाचवायला लावतात तो थर) फासलंय आणि टेस्टरला खालचं दिसलंच नाही. टेस्टरला भाग खोलायची परवानगी नसते, डोळ्यांना दिसेल तेवढंच तो लिहितो. विकणाऱ्याकडच्या लॉगबुकावर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) 11 अंकी नंबर असतो. तो टाकला की कुठली टेस्ट कुठल्या गॅरेजात झाली तेही कळतं. नेमकं कोऱ्या टेस्टच्या वेळी गॅरेज बदललं असेल तर मी सावध होईन.

हे मी एवढं का लिहितोय? 2016 मध्ये मी घेतलेल्या गाडीवर सलग तीन वर्षं ब्रेक पाइपचा शेरा होता. पास आहे ना, म्हणून मी तो वाचूनही सोडला. पाचव्या महिन्यात राउंडअबाउटला शिरताना पेडल पार खाली गेलं. हँडब्रेक ओढून कशीबशी गाडी थांबवली. मागे मुलगी बसली होती, चार वर्षांची. त्या दिवसापासून कुणीही गाडी घेतोय म्हटलं की मी आधी शेरे मागतो.

आणि हो, नियरसाइड म्हणजे डावी, फुटपाथकडची बाजू. ऑफसाइड म्हणजे ड्रायव्हरची.

लीड्सची_आई:
बोल्टनकरांनी सगळं सांगितलंय, मी दोनच गोष्टी जोडते. आपल्याकडे आरसीवर बँकेचा बोजा लिहिलेला असतो, इथल्या लॉगबुकावर तसं काही नसतं. लॉगबुकात फक्त गाडी कुणाच्या नावावर नोंदलीय ते कळतं, मालक कोण ते नाही. गाडीवर फायनान्स बाकी आहे का, अपघातात विमा कंपनीने ती मोडीत काढली होती का (कॅट एस म्हणजे सांगाड्याला मार, कॅट एन म्हणजे सांगाडा सोडून इतर), हे एमओटीच्या साइटवर येत नाही. त्यासाठी थोडे पौंड भरून वेगळा चेक करा. एमओटीत इंजिन, क्लच, गिअरबॉक्सही तपासत नाहीत, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. रोड टॅक्स जुन्या मालकाचा चालत नाही. गाडी हलवायच्या आधी तो आणि इन्शुरन्स, दोन्ही तुमच्या नावावर हवेत.

दापोडीचे_काका:
बाळ, मी एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून निवृत्त झालो, सध्या मुलाकडे रेडिंगला आलोय. इथले कागद मला कळत नाहीत, पण लोखंड कळतं. इथे थंडीत रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे गाडी खालून गंज खाते. मोबाइलचा टॉर्च घेऊन मागच्या चाकामागून वाकून बघ. चांगलं लोखंड अंगठ्याने दाबलं तर घट्ट लागतं, कुजलेलं करकरतं, पापुद्रे पडतात. काळा थर ओलसर, चिकट लागला तर तो ताजा आहे, आणि ताजा का आहे हे विचारायचं. इंजिन गार असतानाच सुरू करायला सांग. तू जायच्या आधीच त्याने तापवून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा.

बोल्टनकर:
ताई, रविवारी मी मोकळा आहे. प्रेस्टन काही लांब नाही, सांगाल तर सोबत येतो.

कृष्णाकाठची_लेक:
सगळ्यांचे मनापासून आभार. रविवारी बोल्टनकर दादा वहिनींना घेऊन आले. काकांनी सांगितल्याप्रमाणे मी स्वतः वाकून सबफ्रेमवर अंगठा दाबला. काळा थर अंगठ्याला चिकटून आला आणि खालून विटकरी भुकटी गळली, नखात अजून आहे. वेल्डिंगचं बिल मागितलं तर म्हणाला, ओळखीच्याने केलं, बिल नाही. लॉगबुक "नंतर पोस्टाने पाठवतो" म्हणाला. दादांनी माझ्याकडे बघितलं, मी पर्स बंद केली.

आता दुसरी एक बघून ठेवलीय, 2012 ची, 2,600 पौंड. एका शाळेतल्या निवृत्त बाईंची आहे. दरवर्षी चार-साडेचार हजार मैल, दरवर्षी एकच गॅरेज, आणि शेरा आला की पुढच्या टेस्टमध्ये तो नाही. त्या त्या कामाची बिलं फाइलमध्ये लावलेली आहेत, त्यांनी फोटो पाठवलेत. यंदाचा शेरा: मागचा ऑफसाइड शॉकअब्सॉर्बर किंचित गळतोय. काका, हा एकच बदलायचा की दोन्ही बाजूंचे? किमतीत तेवढे कमी करायला सांगायचंय. शनिवारी ड्युटी संपली की जाणार आहे.

दापोडीचे_काका:
दोन्ही बदल. एक नवा, एक जुना ठेवलास तर गाडीचा मागचा भाग एका बाजूला जास्त झोल खाईल. दोन्हींचा खर्च सांगून मगच भाव कर.