‘चाहती’, ‘पाठीराखी’ की ‘पाठराखीण’?

विचारणा

लहानपणापासून बाबांच्या शेजारी बसून कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या मॅच बघत आलेय. त्यावर एका अंकासाठी लेख लिहिला. पाटाकडील हा आमचा कोल्हापूरचा संघ. लेखात ‘मी पाटाकडीलची पाठीराखी’ असं वाक्य होतं. छापून आलं ते ‘मी पाटाकडीलची महिला चाहती’. विचारलं तर म्हणाले, पाठीराखा भाऊ असतो, पाठीराखी असा शब्द नाही. खरंच नाही का? आणि ‘चाहती’ मुळातच स्त्रीलिंगी असताना तिच्याआधी ‘महिला’ कशाला?

प्रतिसाद

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. ‘महिला’ नको. बातम्यांत ‘महिला चाहते’ सर्रास दिसतं, ‘चाहत्या’ क्वचित. म्हणजे चाहते हे मुळात पुरुषच, बायका त्यांतला एक पोटप्रकार, असं गृहीत धरलेलं असतं.

‘पाठीराखी’ व्याकरणात बसतं. चाहता-चाहती, तसं पाठीराखा-पाठीराखी. ऐकायची सवय नाही, एवढंच. ओव्यांमधून, भाऊबीजेतून पाठीराखा म्हणजे भाऊ किंवा विठ्ठल असंच कानावर पडत आलंय. पाठ राखायची पुरुषानं, राखून घ्यायची बाईनं.

प्रतिसाद

मला ‘चाहती’ वेगळ्याच कारणासाठी खटकतं. चाहणं हे माणसाला लागू होतं. ‘ती त्याची चाहती आहे’ म्हटलं की ऐकणाऱ्याला खेळाडूचा चेहरा आठवतो, खेळ नाही. मैदानावर शेजारी बसलेले लोक मला अजून विचारतात, कुठला प्लेअर आवडतो? माझ्या भावाला विचारतात, आज डिफेन्स कसा वाटला? मॅच आम्ही दोघं एकच बघत असतो. ‘पाठीराखी’त हा घोळ नाही, कारण ती संघाच्या मागे उभी असते.

प्रतिसाद

इतर भाषांतलं थोडं. ब्राझीलच्या पोर्तुगीजमध्ये पाठीराख्याला ‘तोर्सेदोर’ म्हणतात, बाईला ‘तोर्सेदोरा’, सगळ्या जमावाला ‘तोर्सीदा’. मूळ क्रियापद ‘तोर्सेर’, म्हणजे पिळणं. शंभरेक वर्षांपूर्वी रिओच्या मैदानांवर चांगल्या घरच्या बायका सामन्याला येत आणि जीव टांगणीला लागला की हातातले रुमाल, हातमोजे पिळत बसत. त्यावरून हा शब्द आला, अशी व्युत्पत्ती तिथे सांगतात. ती खरी असेल तर आज तिथला प्रत्येक पुरुष पाठीराखा बायकांच्या हातांवरून पडलेलं नाव मिरवतोय. मला ही गोष्ट फार आवडते.

इटालियन ‘तिफोसो’, ‘तिफोसा’ हे तापाच्या नावावरून आलेत. आपणही ज्वर चढला म्हणतोच.

प्रतिसाद

फारसीत चाहत्याला ‘तरफदार’ म्हणतात, तुर्कीत ‘तराफतार’. आपली ‘तरफदारी’ तिथलीच. दोन्ही भाषांत व्याकरणाचं लिंग नाही, त्यामुळे बाई असो की पुरुष, शब्द एकच. पण म्हणून स्टेडियमचं दार उघडं होतं असं नाही. इराणमध्ये सुमारे चाळीस वर्षं बायकांना पुरुषांच्या सामन्यांना जवळजवळ बंदीच होती. सहर खोदायारी इस्तेगलाल संघाची तरफदार. २०१९ मध्ये पुरुषी वेशात तेहरानच्या आझादी स्टेडियममध्ये शिरताना तिला पकडलं. तुरुंगाच्या भीतीनं तिनं न्यायालयाबाहेर स्वतःला पेटवून घेतलं आणि सप्टेंबरमध्ये ती गेली. संघाचा रंग निळा, म्हणून लोक तिला ‘दुख्तर-ए-आबी’, निळी मुलगी, म्हणू लागले. १० ऑक्टोबर २०१९ ला त्याच आझादीवर इराण-कंबोडिया सामन्याला बायकांना तिकिटं मिळाली. इराण १४-० नं जिंकला. सहर तो सामना बघायला नव्हती, हे मला आजही सहन होत नाही.

तुर्कस्तानात उलटं घडलं. प्रेक्षकांच्या दंग्यामुळे फेनरबाचे संघाला रिकाम्या स्टेडियममध्ये खेळायची शिक्षा झाली होती. ती बदलून फक्त बायका आणि बारा वर्षांखालची मुलं आत सोडायची ठरलं. २० सप्टेंबर २०११ च्या त्या सामन्याला चाळीस हजारांहून जास्त जण आले. बायकांनी भरलेल्या गॅलऱ्या ही पुरुषांची शिक्षा मानली गेली, हे मला पटत नाही. पण इतक्या बायका संघाची गाणी तोंडपाठ म्हणत होत्या, त्या काही त्या दिवशी शिकून आल्या नव्हत्या.

प्रतिसाद

सगळे ‘पाठीराखा’वर अडकलात. ‘पाठराखीण’ हा जुना, घरोघरी माहीत असलेला शब्द आहे की! लग्नानंतर नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा माहेरची जी तिच्या सोबत जाते ती पाठराखीण. मी माझ्या मावशीची गेले होते. नऊ वर्षांची असेन. तिनं रात्री माझा हात सोडला नव्हता. परक्या घरात आपल्या माणसाला एकटं वाटू नये, हेच तिचं काम. आपला संघ दुसऱ्याच्या मैदानावर खेळायला जातो, सगळं स्टेडियम विरुद्ध ओरडत असतं आणि कोपऱ्यात आपले दोनशे जण असतात. त्यांतल्या बाईला याहून नेमका शब्द कुठला?

प्रतिसाद

वा, ताई! परक्या मैदानावर जाते ती पाठराखीण, एरवी पाठीराखी. मी असंच वापरणार.

मूळ विचारणा करणारी

सगळ्यांचे आभार. पुढच्या लेखात ‘पाठीराखी’च लिहीन आणि बदलू नका असं आधीच सांगेन. लिहिताना एक लक्षात आलं. ‘पाठीराखे आले’, ‘पाठीराख्या आल्या’ हे वेगळं दिसतं, पण विभक्ती लागली की दोन्हींचं रूप एकच होतं. ‘पाठीराख्यांनी गॅलरी भरली.’ यात बाबाही आले आणि मीही.